हायवेपलीकडचा नारळ

बेळगावातल्या शहापूरच्या घरात गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांची पंगत उठली की आप्पाकाका भिंतीला टेकून बसत आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारत. “काय दादा, तुझा तो प्लॉट आज असता तर कितीला गेला असता?” बाबा अडकित्त्यात सुपारी धरून थोडा वेळ गप्प. मग म्हणायचे, “विकलेल्या म्हशीच्या दुधाचा हिशेब करू नये गा.” काका हसायचे, बाबाही हसायचे. आत आई मात्र भांडी जरा जास्तच जोरात घासायला लागायची, कारण तो प्लॉट कुणापायी विकला हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

गोष्ट 1991 सालची. आजोबांचे चार माग विकले आणि आलेल्या पैशाचे दोन सरळ वाटे झाले. बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत स्टोअर सांभाळायचे. काका आमच्या मागावरून उठून दुसऱ्याच्या मागावर जायला लागले. शहापूरचं घर म्हणजे समोरून नऊ फूट आणि मागे जाईल तेवढं लांब. दोन संसार त्यात मावेनात. बाबांनी पुणे-बेंगळूर हायवेपलीकडच्या नव्या लेआऊटमध्ये साईट मिळावी म्हणून नगरविकास प्राधिकरणाकडे अर्ज केला. या प्राधिकरणाला गावात सगळे ‘बुडा’ म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. काकांना आयतंच मिळालं. “नावातच बुडा म्हणतायत की! आणि तू तिथं पैसे घालायलाईस?” स्वतः काकांनी वडगावच्या शिवारात दीड गुंठा घेतला. ओळखीचा शेतकरी, ओळखीचाच मधला माणूस, पैसे रोख, पहाणीवर, म्हणजे इकडच्या सातबाऱ्यावर, नाव काय, नंतर चढवू.

दोघांनी घातलेली रक्कम जवळपास सारखी. बाबांची साईट तीस बाय चाळीस, म्हणजे 1200 चौरस फूट. गुंठा 1089 चौरस फुटांचा, तेव्हा काकांच्या वाट्याला 1633. शिवाय काकांची जागा शहापूरपासून सायकलवर दहा मिनिटं आणि बाबांची ‘तिकडं लांब’. त्या वर्षीच्या गणपतीत शहाणे काका ठरले होते. आज चौरस फुटाला एकास चार असा फरक आहे. चार कुठल्या बाजूला, ते वेगळं सांगायला नको.

हा फरक कुठून आला, हे शोधणं माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मी सिव्हिल इंजिनिअर. गेली पंचवीस वर्षं बँकांसाठी घरांची व्हॅल्युएशन करतो. तीस मीटरची टेप, वही, फोटो, आणि प्रत्येक घरी नको नको म्हणत घ्यावा लागणारा चहा. घरमालकाला वाटतं मी घर बघायला आलोय. तो मला नवीन टाईल्स दाखवतो, सागवानी दार दाखवतो, देवघराचा संगमरवर दाखवतो. मी माना डोलावतो. खरं सांगायचं तर त्यातलं फारसं काही माझ्या आकड्यात उतरत नाही. सिमेंट काँक्रीटच्या घराचं आयुष्य साधारण 60 वर्षं धरायचं, शेवटी भंगाराची किंमत 10 टक्के उरते असं मानायचं, म्हणजे घर दरसाल दीड टक्क्यानं उतरतं. तीस वर्षांच्या घरातली जवळपास निम्मी किंमत गेलेली असते, दार सागवानी असो की पत्र्याचं. उतरत नाही ती जमीन. म्हणून दोन वस्त्यांमधला फरक घरांमध्ये शोधायला गेलं तर सापडत नाही. तो रस्त्यावर उभं राहूनच मोजावा लागतो.

आणि मी अक्षरशः मोजतो. घरात शिरायच्या आधी रस्त्याची रुंदी. टिळकवाडीत टेप सरळ जाते. तिथं रस्ते आधी आखले आणि घरं मग आली. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं ते याच भागात. काँग्रेस विहीर अजून आहे, काँग्रेस रोड आहे. अधिवेशनामुळे भाव वाढले असं कुणी म्हणणार नाही, पण शंभर वर्षांपूर्वी जिथं मोकळं मैदान आणि आखीव रस्ते होते तिथं आजही बंब आणि ॲम्ब्युलन्स न अडखळता जातात, आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे मोजतं. काकांच्या गल्लीत 1991 मध्ये बारा फूट रस्ता ठरला होता. मग प्रत्येकानं एकेक पायरी बाहेर काढली. कुणी पायरीशेजारी पाण्याची टाकी बसवली, कुणी तुळशीकट्टा. आता सगळ्यात अरुंद जागी माझी टेप सात फूट चार इंच दाखवते. तिथं माझी स्कूटर जाते, रिक्षा जात नाही. काकूला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा चुलतभावानं तिला खुर्चीवर बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं होतं. तुळशीकट्टा पाडा असं कोण कुणाला सांगणार?

पण मी फार पुढे गेलो. बाबांच्या साईटवर परत येतो.

साईट हातात आली तेव्हा तिथं चार कोपऱ्यांना चार दगड होते आणि दगडांवर पांढऱ्या रंगात आकडे. चाळीस फुटी रस्त्यावर खडी आणि खडीतून वर आलेलं गवत. विजेचे खांब होते, दिवे नव्हते. बाबांनी आईला चेतकच्या मागे बसवून साईट दाखवायला नेलं. मी सायकलवर मागून. आई उतरली, पदर सारखा केला, चारी दिशांना बघितलं आणि एवढंच म्हणाली, “हितं आपलं कोण हाय?”

शेजारचे दोन प्लॉट घेतलेली माणसं भली होती. एक बैलहोंगलकडचे मास्तर, एक सरकारी खात्यातले कारकून. दोघांशी बाबांचं चांगलं जमलं, मोडक्या कन्नडमध्ये आणि त्यांच्या मोडक्या मराठीत. आईलाही बाजारापुरतं कन्नड येतच होतं; बेळगावात ते न येता भाजी घेता येत नाही. तिचा प्रश्न भाषेचा नव्हता, किंवा नुसता भाषेचा नव्हता. ताई मराठी शाळेत होती आणि ती शाळा शहापुरात. आईची हळदीकुंकवाची बायका-माणसं, भिशी, मागावरच्या धाग्याची घरी आणून केलेली कामं, सगळं तीन गल्ल्यांच्या आत. हायवे ओलांडायचा म्हणजे तिच्या हिशेबी गाव सोडायचं.

आणि ती एकटी नव्हती. बाबांनी फौंड्रीतल्या कितीजणांना अर्ज करायला सांगितलं होतं. अर्ज कन्नडमध्ये, सोबतचे दाखले कन्नडमध्ये. बाबांचा अर्ज त्या मास्तरांनीच लिहून दिला, म्हणून तर ओळख. बाकीचे म्हणाले, कोण त्या भानगडीत पडतंय, अनगोळात गुंठा मिळतोय की. सीमाभागात राहून आम्ही पुष्कळ गोष्टींचा दोष कागदाच्या भाषेवर टाकतो आणि त्यातला बराचसा खराही असतो. स्वतःच्या जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणं यात काय अपमान आहे, तो मी काकांच्या चेहऱ्यावर बघितला आहे. पण फौंड्रीतल्या त्या माणसांना अर्ज लिहून देणारा कुणीतरी मिळाला असता. त्यांना तिकडे जायचंच नव्हतं. आपल्या माणसांत राहायचं होतं, आणि त्याची काही किंमत पडेल असं त्या वेळी कुणाच्या मनात आलं नाही.

बाबा मात्र साईट सोडायला तयार नव्हते. प्राधिकरणाची साईट लीज-कम-सेलवर मिळते, म्हणजे आधी भाडेपट्टा आणि मुदत संपली की खरेदीपत्र; दहा वर्षं ती विकता येत नाही. बाबांनी त्या दहा वर्षांत तिथं एकच गोष्ट केली. ईशान्य कोपरा सोडून, दक्षिणेच्या अंगाला एक नारळ लावला. रोप खानापूरच्या बाजारातून आणलं होतं. दर रविवारी चेतकच्या फूटबोर्डवर पंधरा लिटरचा कॅन ठेवून ते पाणी घालायला जायचे, उन्हाळ्यात बुधवारीही. कॉलेजात असताना कधीकधी मला पाठवायचे. मी चिडायचो. घर नाही, कुंपण नाही, आणि नारळाला पाणी. कॅन ओतून झाला की मास्तरांच्या घरी ताक मिळायचं, एवढ्यासाठी जायचो.

मुदत संपून खरेदीपत्र हातात पडलं आणि 2003 साली ताईचं लग्न ठरलं. साईट विकली. चांगल्या किमतीला विकली असं तेव्हा वाटलं. घातल्याच्या कितीतरी पट मिळाले होते. त्याच दिवसांत सुवर्ण चतुष्कोनाच्या कामात हायवे चौपदरी होत होता. रोलर फिरत होते, आम्हाला धूळ दिसली. भाव दिसला नाही.

पुढे काय झालं ते मी वहीतून सांगू शकतो. हायवे रुंद झाला तसं ‘तिकडं लांब’ हे ‘हायवे टच’ झालं. मोठी इस्पितळं, शोरूम, कार्यालयं त्याच अंगाला सरकली. 2008 च्या सुमारास शहराच्या काही मोजक्या भागांत चोवीस तास नळाला पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्यातही तेव्हाच. तेव्हापासून रिपोर्ट लिहिताना पाणी रोज की दिवसाआड हा रकाना मी जास्त काळजीनं भरायला लागलो. दक्षिणेला मच्छेकडे 1998 मध्ये तंत्रज्ञान विद्यापीठ आलं, त्यानं पिरनवाडी-मच्छेच्या भाड्याच्या खोल्यांना बरे दिवस दाखवले. सगळ्यात मोठा धुरळा उडाला तो हलगा-बस्तवाडला. 2012 मध्ये तिथं कर्नाटक विधिमंडळाच्या सुवर्ण विधानसौधचं उद्घाटन झालं आणि आसपासच्या शेतांत रातोरात दगड रोवले गेले. प्रत्येक एजंटाच्या तोंडी एकच: सौध दिसतं इथून. दिसतं खरं. पण अधिवेशन हिवाळ्यात दहा-बारा दिवसांचं, उरलेलं वर्षभर त्या दगडांवर बगळे बसतात. तिथल्या काही फायलींवर मी जो आकडा लिहिला त्यावरून दोन एजंट अजून माझ्याशी बोलत नाहीत.

म्हणजे नुसती मोठी इमारत येऊन भाव टिकत नाही. मग कशानं टिकतो? याचं उत्तर मला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते नको त्या ठिकाणी.

2014 च्या सुमाराला काकांच्या मुलाला, आमच्या बाळूला, यंत्रमाग घ्यायला कर्ज हवं होतं. तारण म्हणून वडगावचं घर. दुमजली, स्लॅबचं, त्यानं स्वतः उभं राहून बांधलेलं. बँकेनं फाईल नेमकी माझ्याकडे पाठवली. मी मॅनेजरना सांगितलं, घरचा माणूस आहे, दुसऱ्याला द्या. त्यांनी दुसऱ्याला दिली आणि त्या दुसऱ्यानं तेच लिहिलं जे मला लिहावं लागलं असतं: जमीन शेतीचीच, बिनशेती झालेली नाही, मंजूर नकाशा नाही, हद्दी निश्चित नाहीत. तारण म्हणून घेण्याजोगं नाही. बाळूनं मला फोन केला. “दादा, भिंत पडायला झाली हाय काय आमची? तो माणूस आत आलाच नाही. भाईरनंच गेला.”

काकांच्या गल्लीतलं घर म्हणूनच कर्जावर कुणी घेऊ शकत नाही. घेणारा रोख पैसेवाला हवा. रोख पैसेवाला माणूस त्या गल्लीत कशाला येतोय? म्हणून घेणारा गल्लीतलाच, नाहीतर नात्यातला, आणि त्याच्याकडे जेवढे असतील तेवढा भाव. बाबांच्या साईटला मात्र वीस वर्षांत फेडू म्हणणारा कुठल्याही गावचा नोकरदार गिऱ्हाईक. त्याच्यामागे बँक उभी. बँकेच्या पैशानं एक घर चढ्या भावाला गेलं की पुढच्या घराचा रिपोर्ट लिहिताना मी त्याच व्यवहाराचा दाखला देतो. मग पुढचं कर्ज त्याहून थोडं मोठं. पंचवीस वर्षं मी हेच करतोय. एकीकडे शिक्का मारतोय, दुसरीकडे दारातूनच परत येतोय. एकास चार झाले त्यातला थोडा हात माझाही आहे. हे मी काकांना कधी बोललो नाही.

काकांना त्याचं काही नव्हतंच. त्यांचं म्हणणं साधं होतं. “भाव इकणाऱ्याला लागतो. मी इकणार हाय काय?”

पण 2019 च्या ऑगस्टात बळ्ळारी नाल्याला पाणी आलं. नाला शहापूर-वडगाव-अनगोळच्या शिवारातून जातो. याच पट्ट्यात बेळगावचा बासमती पिकायचा. भात शिजला की घमघमाट अख्ख्या गल्लीत. भाताच्या जमिनीत पाणी उभं राहणार हे भाताला सोयीचं होतं. माणसं त्यावर राहायला गेली. तीन दिवस काकांच्या खालच्या मजल्यात पाणी होतं. ओसरल्यावर मी गेलो तेव्हा भिंतीवर मातीची रेघ होती, गुडघ्याच्या वर चार बोटं. बाळू फरशीवरचा गाळ खराट्यानं ओढत होता. काका जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसलेले. मला बघून म्हणाले, “तुझ्या बापाला बुडा, बुडा म्हणून हसत होतो मी.” पुढे काही बोलले नाहीत. बाळूनं खराटा थांबवला आणि मग तिघंही हसलो, कारण दुसरं काय करणार.

त्या रेघेवरून नंतर रंग दिला गेला. पावसाळ्यात ती परत ओलसर दिसते. व्हॅल्युएशनच्या भाषेत याला काही नाव असेल, पण आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की त्याची बायको बरोबर त्याच उंचीवर भिंतीला हात लावून बघते.

माझा मुलगा पुण्यात आहे, हडपसरला. त्याच्याकडे गेलो की मी हटकून मगरपट्ट्यात चक्कर मारतो. तिथल्या सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेक एकर जमीन एकत्र केली, बिल्डरला विकून मोकळे झाले नाहीत, स्वतःच कंपनी काढून शहर वसवलं. 2000 च्या सुमारास काम सुरू झालं. मला तिथल्या इमारतींचं फारसं कौतुक नाही. सगळ्या एका साच्यातल्या. पण हातातली टेप न सोडता चालता येईल असे रस्ते बघितले की वडगाव डोळ्यासमोर येतं. आमच्याकडच्या शेतकऱ्यांनी जमीन राखण्यासाठी कमी झुंज दिली असं नाही. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी सुपीक शिवारासाठी लोक जेसीबीपुढे आडवे झाले, कोर्टात गेले. अख्खं शिवार वाचवायला माणसं एकत्र आली. तेच शिवार गुंठ्या-गुंठ्यानं जाताना मात्र प्रत्येकजण एकटाच व्यवहार करत होता, संध्याकाळी, चहाच्या गाड्यावर.

मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही फ्लॅटचं बोला. फ्लॅटचं गणित निराळं. तिथं माणशी जमिनीचा वाटा इवलासा, म्हणजे वर्षागणिक उतरणाऱ्या काँक्रीटचेच पैसे जास्त. एका वयाची, एका रस्त्यावरची दोन संकुलं वीस वर्षांनी वेगळ्या भावाची होतात ती लिफ्ट, गळती आणि सोसायटीच्या शिल्लक निधीवरून. मुलाच्या सोसायटीत दर महिन्याला देखभालीच्या रकमेवरून भांडण होतं. मी त्याला म्हणतो, भांडा, पण भरा. आता बेळगावातही अपार्टमेंट उभी राहायला लागलीत. तिथं अजून भांडणंसुद्धा नीट सुरू झालेली नाहीत.

गेल्या मार्चात एक फाईल आली. पत्ता वाचला आणि टेप खिशात घालताना हात थबकला. बाबांचीच साईट. आम्ही ज्यांना विकली त्यांच्या मुलाला वरचा मजला चढवायचा होता. विकून वीस वर्षं झालेली, आमचा काही संबंध उरलेला नाही, तरी मी बँकेला कळवलं. ते म्हणाले, काही हरकत नाही, जा.

चाळीस फुटी रस्ता आता डांबरी, दोन्ही बाजूंना गाड्या लावूनही मधून ट्रक जाईल असा. मास्तर राहिले नाहीत, त्यांच्या घरावर मुलाच्या क्लिनिकची पाटी. आमच्या जागेवर गुलाबी रंगाचं घर, फाटकावर कन्नडमध्ये नाव. आणि दक्षिणेच्या अंगाला नारळ. घर बांधताना त्यांनी तो पाडला नव्हता, कंपाऊंडची भिंत त्याच्यापाशी अर्धा हात आत वळवली होती. मी मोजमाप घेतलं. तीस बाय चाळीस, दगड जिथं होते तिथंच. वहीत वळलेल्या भिंतीची नोंद केली, कारण करावी लागते. मालकांना सांगितलं, हे झाड माझ्या वडिलांनी लावलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत हाक मारून त्यांनी मुलाला वर चढवलं आणि दोन नारळ काढून माझ्या पिशवीत घातले. पैसे नकोत म्हणाले, उलट चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवशी रिपोर्टमध्ये जमिनीचा जो आकडा टाइप केला तो मी घरी सांगितला नाही.

नारळ मात्र आईपुढे ठेवले आणि कुठले ते सांगितलं. आई आता चौऱ्याऐंशीची. तिनं दोन्ही नारळ उलटसुलट करून बघितले, शेंडी ओढून बघितली. मग एक कानाशी धरून हलवला.

“पाणी कमी हाय गा ह्याला,” म्हणाली.